कॅम्डेन गांवचें सूप

परदेशांतून परत आलेल्या मनुष्यास आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो हा कीं, "तिकडे जेवणाचे हाल झाले असतील, नाहीं?" मला तो आजवर निदान पन्नास जणांनीं विचारला आहे. हाल मुळींच झाले नाहींत. उलट जेवणाच्याच निमित्तानें मला तिकडे एक गांव पाहावयास मिळालें, आणि त्या गांवीं मला माझ्याच घरांतील एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगावी म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

माझा मुलगा अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत एडिसन येथें राहतो. आपल्या लोकांची तेथें एवढी वस्ती आहे कीं, वाण्याच्या दुकानांत थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट दोन्ही मिळतात. गेल्या वर्षीं शरदृतूंत मी तेथें जाऊन पोंचलों. झाडांचीं पानें लाल-पिवळीं झालीं होतीं आणि सकाळसंध्याकाळ शाल पांघरावीशी वाटे. मुलगा व सूनबाई दोघेंही नोकरी करतात. सूनबाई इस्पितळांत आहे. ती घरीं येते तेव्हां दिवेलागण होऊन गेलेली असते.

मी पोंचल्यावर दोन-तीन दिवसांतलीच गोष्ट. सूनबाई कामावरून आली, हातपाय धुतले आणि तिनें फडताळांतून एक लहानसा डबा काढून उघडला. त्यांतून करड्या रंगाचा एक घट्ट गोळा, डब्याचाच आकार घेऊन, भांड्यांत पडला. त्यावर तिनें दूध ओतलें, श्रावणघेवड्याच्या उकडलेल्या शेंगा घातल्या, तळलेला कांदा मिसळला आणि भांडें भट्टींत सारून ती नातवाचा अभ्यास घेण्यास बसली. सारें मिळून दहा मिनिटें लागलीं असतील.

"हें काय, ग?" मीं विचारलें.

"सूप आहे, बाबा. अळंब्यांचें. पण प्यायचें नाहीं, भाजीला लावायचें."

मीं पस्तीस-छत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें. शब्द कानीं पडला कीं त्याचें मूळ शोधण्याची खोड आतां जाण्यासारखी नाहीं. संस्कृतांत सूप म्हणजे वरण, डाळीचें कढण. अमरकोशांत आचाऱ्याला जीं नांवें दिलीं आहेत त्यांत सूपकार आणि बल्लव हीं शेजारीशेजारी येतात. आणि अज्ञातवासांत विराटाच्या मुदपाकखान्यांत भीमानें बल्लव हेंच नांव घेतलें होतें. इंग्रजीतील सूप मात्र त्या कुळांतलें नव्हे. तें फ्रेंचांकडून आलें, आणि रश्शांत भिजविलेला पावाचा तुकडा असा त्याचा जुना अर्थ आहे. आपलें धान्य पाखडण्याचें सूप तर तिसरेंच. तें शूर्पापासून झालें. तीन निराळीं कुळें आणि नांव एक!

एवढें मनाशीं उगाळून झाल्यावर मी त्या भांड्याकडे वळलों आणि मन मागें हटलें. एक तर अळंबीं. मनूनें द्विजांस वर्ज्य म्हणून जे पदार्थ सांगितले त्यांत कांदा व लसूण यांच्याच पंक्तीस कवक म्हणजे अळंबें बसविलें आहे. कांदा-लसणींना आमच्या घरानें केव्हांच अभय दिलें आहे, तेव्हां मनूचा आधार घेण्याचा अधिकार मला फारसा उरला नव्हता. खरा अडसर दुसराच होता. अन्न डब्यांतून निघालें होतें. कोणी शिजविलें, केव्हां शिजविलें, कांहींच ठाऊक नाहीं. त्या रात्रीं पोट बरें नसल्याचें सांगून मीं दहीभात मागितला. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें उठून माझ्यासाठीं भाताचा कुकर लावला. आणि पुढील चार दिवस ती कामावरून आली कीं माझ्यापुरती निराळी भाजी करूं लागली. तें माझ्या ध्यानांत आलें होतें. तरी मी गप्प राहिलों.

त्याच आठवड्यांत नातवाच्या शाळेंत प्रत्येक मुलाला न्यू जर्सी संस्थानांत निर्माण झालेल्या एखाद्या वस्तूची माहिती लिहून आणण्यास सांगितलें होतें. नातवानें स्वयंपाकघरांतला तोच डबा निवडला. त्या डब्याचें मूळ गांव कॅम्डेन. मुलाला शनिवारींही काम निघालें, तेव्हां मी म्हणालों, "मी नेतों याला." वस्तुतः त्यानेंच मला नेलें. तिकीट कोठें घ्यावें, कोणत्या फलाटावर उभें राहावें, हें सारें त्या अकरा वर्षांच्या मुलाला माहीत, आणि आजोबा त्याचा हात धरून मागें.

एडिसनहून आगगाडीनें संस्थानच्या राजधानीस, ट्रेंटनला, गेलों. तेथून कॅम्डेनपर्यंत २००४ सालीं सुरू झालेली रिव्हर लाईन नांवाची सुटसुटीत गाडी आहे. ती डिझेलवर चालते आणि डेलावेअर नदीच्या कांठाकांठानें सुमारें चौतीस मैल जाते. कोठें झाडींतून नदीचें रुंद पात्र दिसे, कोठें जुन्या विटांच्या गिरण्या, कोठें लांकडी घरांच्या ओसऱ्यांवर मांडलेले लाल भोपळे. बर्लिंग्टन गांवांत तर रूळ मुख्य रस्त्याच्या मधोमध घातले आहेत. दोहों बाजूंस घरें, दुकानें, आणि मधून आमची गाडी घंटा वाजवीत हळूहळू चाललेली. वडील मुंबईच्या ट्रामचें वर्णन करीत असत त्याची आठवण झाली.

कॅम्डेन हें नदीच्या पूर्व तीरावर आहे. पैलतीरीं फिलाडेल्फियाच्या उंच इमारती, आणि दोन्ही कांठ जोडणारा १९२६ सालचा बेंजामिन फ्रँकलिन पूल. गांव मोठ्या मनुष्यांचें आहे. कवि वॉल्ट व्हिटमन यानें १८८४ सालीं येथें एक साधें दुमजली घर घेतलें आणि १८९२ सालीं तेथेंच देह ठेवला. घर अजून जपलें आहे. नदीच्या बाजूस एका इमारतीच्या मनोऱ्यांत रंगीत कांचेचें चित्र आहे: कर्ण्यांतून येणारा आवाज कान टवकारून ऐकणारा कुत्रा. माझ्या आजोळीं नाट्यपदांच्या तबकड्यांवर हाच कुत्रा होता! व्हिक्टर ही गाण्याच्या यंत्रांची कंपनी १९०१ सालीं या गांवीं स्थापन झाली; तिचें आणि इंग्लंडांतील ग्रामोफोन कंपनीचें हें सामाईक चित्र. आपल्याकडे तें इंग्लंडच्या वाटेनें आलें. आतां त्या इमारतींत लोक बिऱ्हाडें करून राहतात.

आम्ही ज्यासाठीं आलों होतों तो सुपाचा कारखाना याच भागांत होता. होता असेंच म्हटलें पाहिजे. १८६९ सालीं जोसेफ कॅम्बेल नांवाच्या फळांच्या व्यापाऱ्यानें अब्राहम अँडरसन याच्या भागीदारींत येथें फळें, भाज्या व मुरंबे डब्यांत भरण्याचा धंदा काढला. १८९७ सालीं जॉन डोरन्स नांवाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ, जर्मनींत पदवी घेऊन आलेला, आठवड्याला साडेसात डॉलर पगारावर कामास लागला. व्यवस्थापक त्याचे चुलते होते. तयार सूप डब्यांत भरून विकीत, पण डबे मोठे, जड, आणि वाहतुकीचा खर्च भारी. डोरन्सनें विचार केला कीं, सुपांत बहुतेक पाणीच असतें, आणि पाणी तर प्रत्येक घरीं आहे; तें आगगाडीनें कशाला पाठवावें? त्यानें सूप आटवून घट्ट केलें. डबा लहान झाला आणि दहा सेंटांना मिळूं लागला. खाणाऱ्यानें तेवढेंच पाणी घालून ऊन करावें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यास पदक मिळालें. त्या पदकाचें चित्र पुढें कित्येक वर्षें डब्यावर असे.

भोंवतालच्या शेतांतील टोमॅटो भरून हंगामांत गाड्यांच्या रांगा कारखान्याच्या दारीं लागत. कारखान्याच्या छपरावर पाण्याच्या टांक्या होत्या, त्या सुपाच्या डब्यांसारख्याच तांबड्या-पांढऱ्या रंगविलेल्या. १९९० सालीं कारखाना बंद झाला आणि पुढच्या वर्षीं इमारती पाडून टाकल्या. जहाजें बांधणारा मोठा कारखाना त्यापूर्वींच, १९६७ सालीं, बंद पडला होता. एका पिढींत एवढीं कामें गेल्यावर गांवाची जी दशा व्हावी ती झाली. कांहीं रस्त्यांवरच्या ओस घरांच्या फळ्या मारलेल्या खिडक्या अजून तें सांगतात. कंपनीची मुख्य कचेरी मात्र गांवींच राहिली. २०२४ सालीं तिनें आपल्या नांवांतून सूप हा शब्दच काढून टाकला, हें वाचून नातवाला फार हसूं आलें.

आमच्या घरांत उघडला गेला तो अळंब्यांच्या सुपाचा डबा १९३४ सालचा. त्यांतील कारागिरी चवीची नव्हे, दाटपणाची आहे. कोणतीही गृहिणी जाणते कीं, उकळत्या पातळ पदार्थांत कोरडें पीठ टाकलें तर गुठळ्या होतात. बाहेरचें पीठ शिजून आंतलें कोरडें राहतें. म्हणून आपण कढीला बेसन ताकांत आधीं कालवून लावतों आणि अळूच्या फदफद्यालाही पीठ घोटून लावतों. पाश्चात्य गृहिणी हेंच काम लोण्यावर मैदा परतून, त्यांत थोडें थोडें दूध घालून, सारखें ढवळीत करते. त्याला वेळ हवा, लक्ष हवें आणि रिकामा हात हवा. डब्यांत हें सारें आधींच झालेलें असतें. म्हणून तें सूप पिण्यापेक्षां भाजीला लावण्याकडेच अधिक खपूं लागलें.

तें तसें वापरावें कसें, हें शिकविण्यासाठीं कंपनीनें कॅम्डेन येथें एक स्वयंपाकघरच ठेविलें होतें. तेथें डोर्कस रायली या बाई कामास होत्या. १९४७ सालीं फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल येथून त्यांनीं गृहशास्त्राची पदवी घेतली होती. जें सामान बहुतेक घरीं असतेंच त्यांतून कांहीं करावें, असा विचार करून १९५५ सालीं त्यांनीं ही शेंगांची पाककृति बसविली. डब्यांतलें सूप, दूध, सोयाबीनचें सॉस, मिरपूड, शेंगा आणि तळलेला कांदा. बस्स, सहा जिन्नस. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं त्या देशांत कृतज्ञतेचा सण होतो, त्या दिवशीं कोण जाणे किती घरीं आज हाच पदार्थ होतो. पाककृतीचें मूळ टांचण २००२ सालीं संशोधकांच्या राष्ट्रीय स्मृतिमंदिरास देण्यांत आलें. बाई २०१८ सालीं ब्याण्णवाव्या वर्षीं वारल्या.

नदीकांठच्या बांकावर बसून आम्ही आणलेल्या पोळ्या खात होतों. नातू वहींत टिपून घेत होता. मध्येंच त्यानें विचारलें, "आजोबा, आजीला सूप आवडायचें?"

मी उत्तर देऊं शकलों नाहीं.

सुमारें १९९० सालची गोष्ट. घरांत आम्ही सात माणसें. आई अंथरुणाला खिळलेली. त्या दिवशीं पत्नीनें तिला डॉक्टरकडे नेऊन आणलें, औषधें आणलीं, आणि येतांना वाण्याकडून सुपाचें एक पाकीट आणलें. तेव्हां तीं पाकिटें आमच्या गांवीं नवींच आलीं होतीं. पाण्यांत कालवून उकळलें कीं झालें. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. मी शाळेच्या बैठकीहून आलों आणि पातेल्यांत तें शिजतांना पाहिलें. मी म्हणालों, "आमच्या घरांत पुड्यांतलें अन्न कधीं शिजलें नाहीं."

तिनें उत्तर दिलें नाहीं. पातेलें उतरून तिनें तें मोरींत ओतलें, पातेलें घासलें, आणि पिठलें-भात करावयास घेतला. मीं तो जेवलों आणि पिठलें चांगलें झालें म्हणून दोनदां मागून घेतलें. ती केव्हां जेवली हें मला माहीत नाहीं. तिनें पुन्हां तसलें पाकीट कधीं आणलें नाहीं. तिला जाऊन आतां पांच वर्षें झालीं.

आणि मी जें म्हणालों तें खोटें होतें, हें मला कॅम्डेनच्या त्या बांकावर कळलें. आमच्या फडताळांत मेतकुटाची बरणी होती. डाळी, तांदूळ, गहूं, मेथ्या, सुंठ, हिंग, सारें भाजून दळून ठेविलेलें. भातावर घातलें, दह्यांत कालवलें, कीं झालें. भाजणीचा डबा होता. सांडगे होते. तें सारें पुड्यांतलेंच अन्न होतें. फरक एवढाच कीं तो पुडा तिनें बांधलेला होता. उन्हाळ्याच्या सुटींत मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत असें आणि ती चुलीपुढें एकेक डाळ खमंग भाजीत असे. ते तिचे दिवस मीं कधीं मोजले नाहींत. ज्या दिवशीं तिनें दुसऱ्यानें बांधलेला एक पुडा आणला तो मात्र मला दिसला.

नातवाला एवढेंच सांगितलें, "आवडलें असतें, बाळ. मीं तिला पिऊं दिलें नाहीं." त्यानें कांहीं लिहिलें नाहीं, वही मिटून ठेविली.

घरीं परतल्यावर रात्रीं सूनबाईस म्हणालों, "उद्यां माझ्यासाठीं निराळी भाजी नको." तिनें माझ्याकडे पाहिलें आणि विचारलें, "पोट बरें आहे ना, बाबा?" मी म्हणालों, "तें कधीं बिघडलेंच नव्हतें."

मीं तो पदार्थ खाल्ला. चवीला मऊ, जरा खारट, भुकेच्या वेळीं बरा. खारटपणाबद्दल मात्र सावध राहिलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसाला दिवसाला पांच ग्रॅमहून कमीच मीठ असावें, आणि असल्या डब्यांत व पाकिटांत तें बरेंच असतें. शाकाहारी मंडळींनीं वेष्टणावरील जिन्नसांची यादीही वाचावी, कारण कोंबडीच्या सुपाचे डबे त्याच रंगाचे असतात.

यावर एक तोड शेजारच्या वृद्ध अमेरिकन बाईंनीं सांगितली. त्या देशांत शेजारीं मूल जन्मलें किंवा कोणी दगावलें, तर असा भाजलेला पदार्थ झांकून त्या घरीं नेऊन देतात. आपल्याकडे सुतकांत शेजारून पिठलें-भात येतो तसेंच हें. मिनेसोटाकडे या पदार्थाला हॉटडिश म्हणतात. या बाई मात्र डबा आणीत नाहींत. सुपाचें कोरडें मिश्रण घरींच करून बरणींत भरून ठेवितात. तिकडील कित्येक गृहिणींना तें ठाऊक आहे. आम्हीं त्यांतील कोंबडीचा अर्क काढून भाज्यांचा घातला. वाचकभगिनींसाठीं प्रमाण देतों:

साय काढलेल्या दुधाची भुकटी दोन कप, कॉर्नफ्लोअर पाऊण कप, भाज्यांच्या अर्काची भुकटी पाव कप, वाळविलेला कांदा दोन मोठे चमचे, मिरपूड अर्धा लहान चमचा, आणि मिळाल्यास थाईम व बेसिल हीं वाळलेलीं पानें प्रत्येकीं एक लहान चमचा. सर्व एकत्र करून कोरड्या, घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवावें. लागेल तेव्हां एक-तृतीयांश कप मिश्रण सव्वा कप थंड पाण्यांत कालवून मंद आंचेवर दाट होईपर्यंत ढवळावें; एका डब्याचें काम होतें. अर्काच्या भुकटींत मीठ असतें, म्हणून वरून घालूं नये. फरसबी, फ्लॉवर, बटाटा, कशालाही लावावें.

परत येण्यापूर्वीं मीं हें मिश्रण स्वतःच्या हातानें केलें. साठी उलटल्यावर स्वयंपाकघरांत केलेलें माझें हें पहिलें काम. नातवानें मापें घेतलीं आणि मीं बरणीवर देवनागरींत चिठ्ठी डकविली: "सूप." त्या संध्याकाळीं सूनबाई आली तेव्हां मी भांडें ढवळीत उभा होतों. तिनें पिशवी ठेवली आणि संवयीप्रमाणें पदर खोंचण्यासारखा हात कमरेकडे नेला.

"तूं बैस," मी म्हणालों. "गुठळी झाली तर हांक मारीन."

एक झाली; पण मीं हांक मारली नाहीं.